कॉलेजची महिला बास्केटबॉल कोच टिकणार का जाणार: अंदाज कसा बांधायचा, टप्प्याटप्प्यानं

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या लोकांना कॉलेजच्या महिला बास्केटबॉलची चांगलीच गोडी लागलीये, आणि मार्च महिना आला की चर्चा सुरू होते, कोचला काढा, कोचला ठेवा, एक्स्टेन्शन द्या (म्हणजे कॉन्ट्रॅक्ट वाढवा). अडचण अशी की बहुतेक लोक शेवटची मॅच बघून निकाल देतात आणि मग कारणं शोधतात. त्यामुळे चांगल्या कोचवर अन्याय होतो, आणि ज्या कोचची खुर्ची खरंच हलतेय ती कुणाच्या लक्षातही येत नाही. खाली जो क्रम दिलाय तो एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन १, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीसाठी आहे. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

## तयारी: आधी कागद गोळा करा, मत नंतर

एक साधी शीट उघडा आणि कमीत कमी मागचे पाच सीझन भरा. प्रत्येक सीझनसाठी एवढं हवं:

- एकूण रेकॉर्ड (विजय-पराभव) आणि कॉन्फरन्समधला, म्हणजे कॉलेज ज्या गटात खेळतं त्यातला रेकॉर्ड, वेगवेगळे
- सीझनअखेरचं नेट रँकिंग (एनसीएएचं टीमचं अधिकृत रँकिंग; महिलांसाठी हे २०२०-२१ पासून आहे, त्याआधी आरपीआय नावाचं होतं)
- एनसीएए स्पर्धेत जागा मिळाली का, कितवा सीड (मानांकन), कुठल्या फेरीत आणि कुठल्या गावात हरले
- मुख्य आठ-नऊ खेळाडू, त्यांचं कितवं वर्ष, किती मॅच दुखापतीमुळे हुकल्या
- सीझन संपल्यावर कोण गेलं, कोण आलं

याशिवाय दोन गोष्टी: कोचचं कॉन्ट्रॅक्ट आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे एडी, कधी रुजू झाला ती तारीख. सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर कॉन्ट्रॅक्ट बहुतेक राज्यांत माहितीच्या कायद्याखाली मिळतं आणि बऱ्याचदा स्थानिक पेपरनं आधीच छापलेलं असतं. नोट्र डेम किंवा स्टॅनफर्डसारखी खाजगी युनिव्हर्सिटी असेल तर ते मिळणार नाही. मग आकडे अंदाजानं भरू नका, तो रकाना रिकामाच ठेवा.

सावध: २०२०-२१ चा सीझन कोविडमुळे तुकड्या-तुकड्यांत झाला, कुणी वीस मॅच खेळलं कुणी त्याहून कमी. त्या वर्षाची ओळ शीटमध्ये वेगळ्या रंगात ठेवा आणि ट्रेंड काढताना तिच्यावर भर देऊ नका.

## १. दोन प्रश्न वेगळे करा

पहिला प्रश्न: कोचनं काम कसं केलं? दुसरा प्रश्न: कोचची नोकरी किती पक्की आहे? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टेक्सास टेकच्या मार्लीन स्टॉलिंग्जचं उदाहरण घ्या. २०१९-२० मध्ये टीम १८-११ होती, रेकॉर्डवर बघाल तर गाडी वर चाललेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये नोकरी गेली, कारण खेळाडूंनी टीममधल्या वागणुकीबद्दल केलेल्या तक्रारी बातमीत आल्या. उलटंही होतं. एखादी कोच तीन वर्षं सुमार काम करते पण बायआउट (मुदतीआधी काढलं तर द्यायची रक्कम) इतका जड असतो की कॉलेज हात लावत नाही.

म्हणून शीटच्या खाली दोन वेगळे चौकोन करा, "काम" आणि "खुर्ची". टप्पा २ ते ६ पहिल्या चौकोनासाठी, ७ आणि ८ दुसऱ्यासाठी.

## २. त्या कॉलेजची अपेक्षा काय, ते ठरवा

२०-१३ हा रेकॉर्ड चांगला का वाईट? कॉलेजचं नाव कळल्याशिवाय याचं उत्तरच देता येत नाही. ज्या कॉलेजनं दहा वर्षांत एनसीएए स्पर्धा पाहिली नाही तिथे याच रेकॉर्डवर पगारवाढ मिळेल. टेनेसीत २०२४ मध्ये याच रेकॉर्डनंतर कोच केली हार्परला काढलं. टेनेसी ही १९८२ पासून प्रत्येक एनसीएए स्पर्धेत खेळलेली एकमेव टीम आहे, कोच पॅट समिटच्या काळात आठ विजेतेपदं आली, त्यामुळे तिथली पट्टीच वेगळी.

अपेक्षा ठरवायची पद्धत अशी: मागच्या पंधरा वर्षांचे निकाल क्रमानं लावा आणि मधला निकाल बघा. सगळ्यात चांगलं वर्ष धरू नका (चाहते कायम तेच धरतात) आणि सगळ्यात वाईटही नको. मग कॉन्फरन्स बघा. एसईसी किंवा बिग टेनसारख्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये सातव्या नंबरवर येणारी टीम राष्ट्रीय पातळीवर पहिल्या चाळीसमध्ये असू शकते, छोट्या कॉन्फरन्समध्ये मात्र पहिली आलात तरी कॉन्फरन्स स्पर्धा हरलात की बहुतेक वेळा घरी बसावं लागतं, कारण तिथून एकच जागा मिळते, ती स्पर्धा जिंकणाऱ्याला. २०२५ मध्ये ६८ पैकी ३१ जागा अशा आपोआप मिळणाऱ्या होत्या आणि ३७ समितीनं निवडलेल्या.

तपासा: अपेक्षा एका वाक्यात लिहिता आली पाहिजे, उदाहरणार्थ "चारपैकी तीन वर्षं एनसीएए, त्यातलं एक वर्ष स्वीट सिक्स्टीन (शेवटच्या सोळा टीममध्ये)". वाक्य होत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ३. वारसा आणि वर्षं

कोच आली तेव्हा हातात काय होतं? पहिल्या सीझनवरून निकाल देणाऱ्यांनी ही यादी डोळ्यासमोर ठेवावी. जेनो ऑरिएमा, युकॉन (कनेटिकट), १९८५-८६: १२-१५. डॉन स्टेली, साउथ कॅरोलायना, २००८-०९: १०-१८, एसईसीत फक्त दोन विजय. विक शेफर, मिसिसिपी स्टेट, २०१२-१३: १३-१७. लिंडसे गॉटलीब, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया), २०२१-२२: १२-१६. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ऑरिएमाची २०२५ पर्यंत बारा विजेतेपदं, स्टेलीची तीन, शेफरची टीम २०१७ आणि २०१८ ला लागोपाठ फायनलला.

स्टेलीचा प्रवास जरा नीट बघण्यासारखा आहे. दुसऱ्या वर्षी १४-१५, तिसऱ्या वर्षी १८-१५, आणि चौथ्या वर्षी २५-१० आणि स्वीट सिक्स्टीन. दरवर्षी थोडं थोडं वर. हीच गोष्ट शोधायची असते, नुसता आकडा नाही.

पण जुनं "चार वर्षं तरी द्या" हे सूत्र आता तसंच्या तसं लावता येत नाही, आणि हे बऱ्याच जुन्या चाहत्यांना पटत नाही. २०२१ पासून खेळाडू ट्रान्सफर झाली तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२४ पासून कितीही वेळा बदली चालते, अभ्यासाच्या अटी पाळल्या की झालं. त्यामुळे टीम एका उन्हाळ्यात उभी राहू शकते. कोच किम मुल्की एलएसयूला (लुइझियाना स्टेट) आली तेव्हा आधीच्या वर्षी ती टीम ९-१३ होती, पहिल्याच वर्षी २६-६ आणि दुसऱ्या वर्षी, २०२३ ला, विजेतेपद. म्हणजे आता एडी लोक दुसऱ्या वर्षाअखेर दिशा बघतात आणि तिसऱ्या वर्षाअखेर निकाल मागतात. मात्र मुल्कीचं उदाहरण सगळ्यांना लावू नका, तिच्यामागे बेलरची तीन विजेतेपदं होती आणि एलएसयूकडे पैसा होता.

नेहमीची चूक: महान कोचनंतर आलेल्या माणसाला त्या महान कोचच्या शेवटच्या दहा वर्षांशी ताडणं. स्टॅनफर्डची कोच टारा व्हॅनडरव्हीर २०२४ ला निवृत्त झाली आणि पुढच्याच सीझनला स्टॅनफर्ड १६-१५, १९८७ नंतर पहिल्यांदा एनसीएएबाहेर. तिच्या जागी आलेल्या केट पेचं काम कसं हे फक्त त्या एका ओळीवरून ठरवणं चुकीचं, कारण मुख्य खेळाडू गेलेल्या, कॉन्फरन्स बदललेली आणि कोचही नवी, सगळं एकाच वर्षी. नोट्र डेमची कोच नीएल आयव्ही पहिल्या वर्षी १०-१० होती आणि नंतर लागोपाठ स्वीट सिक्स्टीन गाठल्या.

## ४. रेकॉर्ड फोडून वाचा

आता आकड्यांकडे या, आणि या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

कॉन्फरन्सच्या आधीच्या मॅच बाजूला काढा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुबळ्या टीम घरी बोलावून ११-१ करणं अवघड नाही. जानेवारीपासून काय झालं ते वेगळं लिहा. आणि उलट, एखाद्या कोचनं मुद्दाम अवघड शेड्यूल घेतलं असेल तर ८-५ ही चांगली सुरुवात असू शकते. नेटमध्ये समोरची टीम किती वरची आणि मॅच कुठे झाली यावरून मॅच चार गटांत विभागतात, आणि त्याच टीमला तिच्या घरी हरवलं तर तो विजय वरच्या गटात जाऊ शकतो. पहिल्या गटातल्या मॅच किती खेळल्या आणि किती जिंकल्या एवढं बघितलं तरी निम्मं चित्र कळतं.

जवळच्या मॅच. पाच किंवा कमी गुणांनी सुटलेल्या मॅचमध्ये २-८ असाल तर लगेच "शेवटच्या मिनिटात कोचला सुचत नाही" म्हणू नका. एका वर्षात हे नशिबानंही होतं. तीन वर्षं सलग होत असेल तर टाइमआउटनंतरचे प्लेज, कोण बॉल हातात ठेवतं, फाउल कधी करतात, हे व्हिडिओवर बघा.

चार घटक. शूटिंगची परिणामकारकता (तीन गुणांच्या शॉटला जास्त वजन देऊन), टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं), आक्रमक रिबाउंड (आपला चुकलेला शॉट परत मिळवणं), आणि फ्री थ्रो. हे चारही दोन्ही बाजूंनी बघा, आपण किती आणि समोरच्याला किती करू दिलं. सरासरी गुण बघू नका कारण काही टीम वेगात खेळतात काही संथ, त्यामुळे दर पझेशनमागे, म्हणजे बॉल हातात आल्याच्या दर वेळेमागे, हिशोब करायचा. पझेशन काढायचं साधं गणित: शॉट्स, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या साधारण ०.४७५ पट. टर्नओव्हर आणि डिफेन्सिव्ह रिबाउंड यांत शिकवण्याचा भाग मोठा असतो, तीन गुणांचं शूटिंग एका वर्षात बरंच वर-खाली होतं, म्हणून कोचला जबाबदार धरताना पहिल्या दोघांना जास्त वजन द्या.

मार्चचा निकाल कुठे लागला. महिलांच्या स्पर्धेतली ही खास गोष्ट आहे आणि पुरुषांची स्पर्धा बघणारे इथे हमखास चुकतात. पहिल्या दोन फेऱ्या वरच्या सोळा टीमच्या (चार विभागांतल्या पहिल्या चार-चार सीडच्या) घरच्या कोर्टवर होतात. म्हणजे पाचव्या किंवा सहाव्या सीडची टीम दुसऱ्या फेरीत हरली तर ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या भरलेल्या हॉलमध्ये हरलेली असते, आणि पहिल्या चार सीडमधली हरली तर साधारणपणे स्वतःच्या घरी. शीटमध्ये दोन्ही ठिकाणी "दुसरी फेरी" लिहिलेलं असेल, पण अर्थ एकदम वेगळा. २०२३ मध्ये पहिला सीड असलेली स्टॅनफर्ड घरच्या कोर्टवर आठव्या सीडच्या ओल मिसकडून ५४-४९ हरली, त्याला धक्का म्हणतात. घरच्या कोर्टच्या या नियमाचा दुसरा अर्थ असा की चौथा आणि पाचवा सीड यांत फरक फार मोठा आहे, त्यामुळे नियमित सीझनमध्ये वरच्या सोळात जाणं ही स्वतःच कोचची मोठी कमाई धरा.

## ५. दुखापती आणि स्टार खेळाडू

दुखापतीची सूट द्यायची, पण मोजून. मुख्य खेळाडू किती मॅच बाहेर होती आणि एरवी किती मिनिटं खेळते, एवढं लिहा आणि ती असताना-नसतानाचा रेकॉर्ड वेगळा काढा. युकॉनची पेज बेकर्स २०२२-२३ चा पूर्ण सीझन एसीएलच्या (गुडघ्याच्या) दुखापतीमुळे बाहेर होती आणि त्या वर्षी सलग चौदा फायनल फोरची (शेवटच्या चार टीममध्ये येण्याची) मालिका तुटली. त्यावरून कोणी ऑरिएमा संपला म्हटलं असेल तर दोन वर्षांनी त्याला विजेतेपदानं उत्तर मिळालं. यूएससीची जुजू वॉटकिन्स मार्च २०२५ मध्ये स्पर्धा चालू असताना दुसऱ्या फेरीत जखमी झाली, त्यानंतरचा निकाल कोचच्या खात्यात पूर्ण टाकता येत नाही.

हीच शिस्त दुसऱ्या बाजूनंही पाळा. एका पिढीतून एकदा येणारी खेळाडू चार वर्षं हातात होती तर तिच्या काळातले विजय जरा कमी वजनानं घ्या आणि ती गेल्यावरचं वर्ष नीट बघा. स्टार खेळाडू केटलिन क्लार्क आणि कोच लिसा ब्लूडर दोघी एकदम गेल्यावर नव्या कोच जॅन जेन्सनच्या आयोवानं २०२४-२५ ला २३-११ केलं, हे माझ्या मते कौतुकाचं काम आहे जरी दोन फायनलनंतर ते फिकं वाटत असलं तरी.

सावध: दरवर्षी गुडघे जातात म्हणजे ट्रेनिंग वाईट, असं बाहेरून ठरवू नका. महिला खेळाडूंमध्ये एसीएलचं प्रमाण मुळातच जास्त आहे.

## ६. कोण राहतं, कोण जातं

आजच्या काळात कोचचं अर्धं काम इथे दिसतं. पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) सहा मुली गेल्या म्हणून बोंब मारण्याआधी त्यांचे दोन गट करा: ज्या फार खेळत नव्हत्या आणि वेळ मिळावा म्हणून गेल्या, आणि ज्या रोज पंधरा-वीस मिनिटं खेळायच्या तरी गेल्या. पहिला गट कितीही मोठा असला तरी फारसं काही सांगत नाही. दुसऱ्या गटात दोन वर्षं सलग दोन-तीन नावं असतील तर गंभीर आहे.

मग बघा की पहिल्या वर्षाला आलेली मुलगी तिसऱ्या वर्षी सुधारली का. कोच खेळाडू घडवते का फक्त विकत आणते, हे यावरूनच कळतं. सहाय्यक कोच दरवर्षी बदलतात का तेही लिहा, बढती घेऊन गेले तर चांगली खूण, त्याच पातळीवर दुसरीकडे गेले तर प्रश्न.

आणि पैसा. खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात जून २०२५ ला मंजूर झालेल्या समझोत्यानंतर कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, २०२५-२६ साठी एका कॉलेजची कमाल मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, पण ते सगळ्या खेळांत मिळून. मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जातो. कॉलेजनं महिला टीमला तुटपुंजं दिलं आणि वर फायनल फोर मागितला तर दोष कोचचा नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे, आणि फार कमी लोक बोलतात.

तपासा: "काम" चा चौकोन आता भरा. अपेक्षेच्या वर, बरोबर, खाली, फार खाली, यातलं एक. सोबत दिशा: चढती, सपाट, उतरती.

## ७. मैदानाबाहेरची वागणूक

छोटा टप्पा, पण बाकी सगळं रद्द करू शकणारा. नॉर्थ कॅरोलायनाची कोच सिल्व्हिया हॅचेल हिच्या नावावर १९९४ चं विजेतेपद आणि हजारावर विजय होते, तरी २०१९ मध्ये बाहेरच्या चौकशीच्या अहवालानंतर राजीनामा द्यावा लागला. इथे फक्त छापून आलेली, कॉलेजनं मान्य केलेली माहिती धरा. कोच साइडलाइनवर ओरडते ही तक्रार नव्हे. खेळाडूंच्या पालकांकडून ऐकलेली गोष्ट शीटमध्ये घालू नका. चौकशी सुरू असल्याचं कॉलेजनं जाहीर केलं असेल तर "खुर्ची" चा निकाल अहवाल येईपर्यंत थांबवा.

## ८. खुर्ची: कॉन्ट्रॅक्ट, एडी, पैसा, पर्याय

याच क्रमानं बघा.

क. किती वर्षं उरलीत. दोन किंवा कमी वर्षं उरली की टीममध्ये यायचा विचार करणाऱ्या शाळेतल्या मुली आणि त्यांचे आईवडील विचारतात, कोच राहणार का? त्यामुळे कॉलेजला एक्स्टेन्शन तरी द्यावं लागतं किंवा बदल तरी करावा लागतो. या टप्प्यावर शांतता असेल तर ती चांगली खूण नाही.

ख. काढलं तर किती द्यावे लागतील. एक्स्टेन्शन मिळालं म्हणजे खुर्ची पक्की, असं समजू नका. त्यात खात्रीची रक्कम किती, दुसरी नोकरी मिळाल्यावर ती वजा होते का, आणि कुठल्या तारखेला रक्कम कमी होते, हे बघा. रक्कम १ एप्रिलला घसरत असेल तर मार्चअखेरची शांतता कशामुळे आहे ते कळेल.

ग. एडी कोणी आणि कधी. आधीच्या एडीनं नेमलेली कोच आणि नवा एडी, ही जोडी नेहमी नाजूक. नव्या एडीला आपला माणूस आणायचा असतो, आणि मोठ्या निकालासाठी तो जास्तीत जास्त दोन-तीन सीझन थांबतो.

घ. पैशाची हवा. २०२५ च्या आधी महिलांच्या स्पर्धेत जिंकून कॉन्फरन्सला काही मिळत नव्हतं. आता मिळतं, पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलरचा निधी, पुढच्या दोन वर्षांत दोन आणि अडीच कोटी असं ठरलंय. पुरुषांच्या तुलनेत थोडं, पण स्पर्धेबाहेर राहण्याची किंमत आता कागदावर दिसते. कोचचे पगारही चढलेत, जानेवारी २०२५ ला स्टेलीचं नवं कॉन्ट्रॅक्ट वर्षाला सुमारे ४० लाख डॉलरपासून सुरू झालं.

च. जागी कोण येणार. याचं उत्तर नसेल तर एडी बहुतेक वेळा अजून एक वर्ष देतो.

## ९. सगळं लावून बघा: टेनेसी, मार्च २०२४

केली हार्पर स्वतः टेनेसीची, खेळाडू म्हणून १९९६ ते १९९८ सलग तीन विजेतेपदं. २०१९ मध्ये एडी फिलिप फुल्मरनं तिला कोच नेमलं. पाच वर्षांचा रेकॉर्ड १०८-५२. वर्षनिहाय: २१-१०, १७-८, २५-९, २५-१२, २०-१३. त्यात २०२२ आणि २०२३ ला स्वीट सिक्स्टीन.

टप्पा २ ची अपेक्षा: नियमित वरचे सोळा सीड आणि फायनल फोरच्या जवळपास. २००८ च्या विजेतेपदानंतर टेनेसी फायनल फोरला गेलीच नव्हती, आणि त्यातली बहुतेक वर्षं हार्परची नव्हतीच. टप्पा ४: शेवटच्या वर्षी सहावा सीड, एनसी स्टेटच्या घरी ७९-७२ नं हार, म्हणजे लाजिरवाणी नाही. एसईसी सेमीफायनलला अपराजित साउथ कॅरोलायनाकडून ७४-७३, तीही शेवटच्या क्षणीच्या तीन गुणांच्या शॉटवर. टप्पा ५: खेळाडू तमारी की ही २०२२-२३ च्या बहुतेक सीझनला फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे बाहेर, पुढच्या वर्षी रिकिया जॅक्सन सुरुवातीच्या बऱ्याच मॅचना नाही.

"काम" चा निकाल मी असा लिहिला असता: अपेक्षेच्या थोडं खाली, दिशा सपाट ते उतरती, सूट देण्यासारखी कारणं खरी. "खुर्ची" चा मात्र वेगळा: अपेक्षा देशात सगळ्यात उंच, एडी डॅनी व्हाइट २०२१ ला आलेला, म्हणजे नेमणूक त्याची नाही, आणि पाचातलं शेवटचं वर्ष दुसऱ्या फेरीतच संपलेलं. धोका जास्त. १ एप्रिल २०२४ ला तिला काढलं आणि मार्शल युनिव्हर्सिटीची कोच किम कॉल्डवेल आली. फक्त १०८-५२ बघणाऱ्यांना धक्का बसला. मला तो निर्णय आजही कठोर वाटतो, पण अनपेक्षित नव्हता.

## निकाल कसा लिहायचा आणि परत कधी तपासायचा

दोन ओळी, दोन चौकोन, आणि तिसरी ओळ: "माझं मत कशानं बदलेल". उदाहरणार्थ, "दोन मुख्य खेळाडू पोर्टलमध्ये गेल्या तर धोका मध्यमवरून जास्त". तिसरी ओळ टाळू नका, तिच्यामुळेच पुढच्या वर्षी स्वतःचा अंदाज तपासता येतो.

तपासायच्या वेळा तीन: डिसेंबरअखेर (फक्त नोंद, निकाल नाही), कॉन्फरन्स स्पर्धा संपल्याच्या आठवड्यात कारण बऱ्याच बदल्या तेव्हाच जाहीर होतात, आणि पोर्टलची मुदत संपल्यावर. फेब्रुवारीत सलग तीन मॅच हरल्या म्हणून शीट उघडू नका. आणि कोच बदललीच तर नवी शीट टप्पा २ पासून सुरू करा, जुन्या कोचची अपेक्षा-ओळ कॉपी करू नका, कारण नव्या एडीनं किंवा नव्या बजेटनं ती बदललेली असू शकते.